सुमनमामींची पाव गोळी

सुमनमामी गेल्या त्या दुपारी मी रायपुरात तेलीबांध्याला एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसलो होतो. औषध कंपनीच्या माणसाचं निम्मं आयुष्य अशाच खोल्यांमध्ये जातं. पेशंट संपले की आपला नंबर. मोबाइल सायलेंटवर होता. बाहेर येऊन पाहतो तर राजेश्वरीचे सहा मिस्ड कॉल. राजेश्वरी ब्राह्मणपाऱ्यात मामींच्या शेजारी राहते. ती एकदा फोन करते आणि उचलला नाही तर गप्प बसते, त्यामुळे उलटा फोन लावायच्या आधीच मला कळलं. "भैया, अम्मा चली गईं," ती म्हणाली, "खाना खाके लेटी थीं. मैं चार बजे चाय लेके गई तो..." पुढे तिला बोलवेना.  स्कूटर काढली आणि तलावाच्या कडेनं निघालो. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की मामींना झोपेत मरण आलं आणि ती झोप त्यांची स्वतःची होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या मरणाच्या बातमीवर भाच्याला हे सुचावं, हे विचित्र वाटेल. ते का सुचलं, हेच सांगायला बसलो आहे. यात माझाही एक भाग आहे. तो मी कित्येक वर्षं कुणाला सांगितला नाही, मामी असेपर्यंत तर नाहीच.

मामा रेल्वेत होते. वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि परत जाईन जाईन म्हणत इथलेच झाले. त्यांना मूल नव्हतं. बारावीनंतर मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे आलो तो पाच वर्षं राहिलो, आणि त्या पाच वर्षांत मामींनी मला असं काही वाढवलं की माझी आई अजून म्हणते, माझा पोरगा घेऊन तिनं पैलवान परत केला. मामींची जीभ तिखट होती. हात मात्र सढळ. भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडायच्या, डॉक्टरशी हिंदीत आणि देवाशी अमरावतीकडच्या मराठीत. देवाशीसुद्धा भांडायच्याच. पूजा करता करता "एवढं सांगून राहिली तुले, ऐकून काहून नाई राहिला?" असं त्या म्हणत, तेव्हा आतल्या खोलीत मला वाटायचं की मलाच बोलताहेत.

कॉलेज संपलं, मला औषध कंपनीत नोकरी लागली आणि आमच्या नातेवाइकांत माझा भाव एकदम वधारला. माझ्या बॅगेत सॅम्पल असायची. डॉक्टरांना द्यायची, पण थोडीफार उरायचीच. कुणाची पाठ, कुणाचा खोकला, कुणाची ॲसिडिटी... "दिलीप आहे न!" लग्नाच्या मांडवात सुद्धा लोक मला कोपऱ्यात ओढून गुडघे दाखवत. मी डॉक्टर नाही, हे मी आधी म्हणायचो. नंतर म्हणणं सोडून दिलं, कारण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. रायपुरातल्या निम्म्या मराठी घरांत फ्रिजवरच्या डब्यात माझ्या हातच्या पट्ट्या होत्या. गोळी देताना "घ्या, काही होत नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की माझ्या आवाजात ते कॅसेटवर भरून ठेवता आलं असतं.

मामा अचानक गेले. तेराव्याला मी मामींकडे पाहिलं तर डोळे खोल गेलेले. तेरा दिवसांत धड झोप नव्हती. सगळे पानावर बसले होते आणि त्या दारात उभ्या राहून आपण कुठल्या घरात आहोत तेच विसरल्यासारख्या बघत होत्या. मला राहवलं नाही. बॅगेतून झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी काढली आणि त्यांच्या मुठीत ठेवली. म्हटलं, "मामी, घ्या, झोप लागेल. काही होत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "दिलीप, किती दिवसानं झोपली रे बाप्पा. तुयं भलं होवो." हा आशीर्वाद माझ्या अंगावर अजून काट्यासारखा येतो. त्या वेळी मात्र छाती फुगली होती. ती पट्टी संपली, मी दुसरी दिली, मग तिसरी. दोन वर्षांनी माझा विभाग बदलला, माझ्याकडे त्या गोळ्या येईनात, तेव्हा मामींनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ओळखीच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवायला सुरुवात केली. कुणी चिठ्ठी मागितली नाही. चांगल्या घरच्या, कपाळाला अंगारा लावलेल्या म्हातारीकडे चिठ्ठी कोण मागतो?

अशी नऊ वर्षं गेली. एका गोळीच्या दोन झाल्या, दुपारची एक वेगळी. मामी गॅस चालू ठेवून विसरायच्या. बाथरूममध्ये दोनदा पडल्या. भाजीवालीशी भांडणं बंद झाली आणि आम्ही म्हणालो, वय झालं, शांत झाल्या. आम्ही मामींकडे जमलो की संध्याकाळी चहासोबत नशेखोर पोरांवर चर्चा व्हायची. कुणी खोकल्याचं सिरप पितं, कुणी पंक्चरच्या दुकानातलं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगतं, काय हे शहराचं झालं! मामीही त्या चर्चेत असायच्या. पाणी पिऊन, दुपारची गोळी घेऊन.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "येऊन जाय." गेलो तर त्या हिंदी पेपर पुढ्यात घेऊन, चष्मा लावून बसलेल्या. शहर पानावर फोटो होता. चार पोरं, तोंडावर कापड, मागे पोलीस, आणि टेबलावर ओळीनं मांडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. खाली गोळीचं नाव छापलं होतं. मामींनी आपली पट्टी त्या फोटोशेजारी ठेवली. तेच नाव. "ही तं माईच गोळी होय," त्या म्हणाल्या. "त्या पोट्ट्यांले पकडलं. मले काहून नाई पकडलं?"

मी हसून घालवायला बघितलं. म्हटलं, "मामी, तुम्हाला डॉक्टरनं दिलेली आहे. ते वेगळं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

  मामींनी पेपरची घडी घातली आणि चहा टाकायला उठल्या. त्या चहात साखर घालायला विसरल्या. मीही तसाच प्यायलो.

यानंतर मामींनी जे केलं ते आमच्याकडची बाईच करू जाणे. आषाढी एकादशी आली होती. चातुर्मासात आमच्या घरातल्या बायका काही ना काही सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण, एका मावशीनं तर एकदा चक्क माहेरी फोन करणं सोडलं होतं. मामींनी देवापुढे पाणी सोडलं आणि चार महिन्यांसाठी गोळी सोडली. एकदम, वांग्यासारखी. नेम बोलून दाखवायचा नसतो, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी मेथीची जुडी द्यायला गेलो. मामी घामानं भिजलेल्या, हात इतका थरथरत होता की कपातला चहा बशीत सांडत होता. पण चेहऱ्यावर काय तेज! "दिलीप, सोडली म्या," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले. अंग कापून राहिलं थोडं, पण होईन बरोबर."  ही गोळी अशी एकदम थांबवू नये, हे माझ्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी तोंड उघडणार एवढ्यात कप खाली पडला, मागोमाग मामी. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस.

राजेश्वरीनं ऑटो थांबवला. दोघांनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे तरुण डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "माताजी कोई दवा लेती थीं? अचानक बंद तो नहीं की?"

मी म्हणालो, "नहीं."

हो, मी नाही म्हणालो. राजेश्वरी बाहेर ऑटोवाल्याला थांबवत होती, मामी शुद्धीवर नव्हत्या, ऐकायला कुणी नव्हतं. पुढचा प्रश्न मला माहीत होता, ही गोळी कुणी लिहून दिली होती... आणि त्या दवाखान्यातले निम्मे डॉक्टर मला नावानं ओळखत होते. नोकरी डोळ्यांपुढे आली. अर्धा तास मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. आत त्या मॅडम मेंदूचे फोटो काढायचं बोलत होत्या, साखर तपासत होत्या, नको तिथे शोधत होत्या. मग मामींना दुसरा झटका आला. पडद्याआडून लोखंडी पलंगाचा आवाज आला. मी आत धावलो आणि सगळं सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नर्सला इंजेक्शन सांगितलं. तो दुसरा झटका माझा आहे. पहिल्या पट्टीबद्दल मला स्वतःला माफ करता येतं, ती मायेनं दिली होती. या अर्ध्या तासाबद्दल येत नाही.

मामी चार दिवसांनी उठून बसत्या झाल्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं दुःख काय, तर व्रत मोडलं. इंजेक्शनमधून त्याच जातीचं औषध अंगात गेलं होतं. "देवाले काय सांगू आता?" म्हणून रडायला लागल्या. डॉक्टर मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "अम्मा, इस गोली को भगवान भी एकदम से नहीं छुड़ाते. धीरे-धीरे उतरना पड़ता है. उनसे बोलना, डॉक्टर ने चार महीने का चौमासा डेढ़ साल का कर दिया है." मामींनी डोळे पुसले. जरा विचार केला आणि विचारलं, "एकादशी को छूट मिलेगी क्या?" मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

डोस किती आणि कधी उतरवायचा ते सगळं मॅडम सांगायच्या, मामी फक्त ऐकायच्या, आणि ज्या बाईनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही तिच्यासाठी हेच मोठं तप होतं. गोळी अर्धी करायला मामांचा अडकित्ता निघाला. सुपारी कातरून कातरून त्याला अशी धार होती की गोळीचे अगदी सारखे दोन तुकडे पडायचे. दीड गोळी, एक, पाऊण, अर्धी. रोज सकाळी मला फोन यायचा. "काल तीन तास झोपली." "काल मुळीच नाई. पडून पडून छताचे पापुद्रे मोजले." मग पहाट झाली की त्या राजेश्वरीला घेऊन बूढा तालाबापर्यंत चालत जायच्या, कारण मॅडमनी चालायला सांगितलं होतं. पाव गोळीवर येऊन मात्र तीन महिने अडल्या. तो एवढासा तुकडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, सुटेना. एकदा रागानं म्हणाल्या, "यापेक्षा तुये मामा सोडून गेले ते सोपं होतं, त्याईनं विचारलं तं नव्हतं!" दोनदा पुन्हा अर्धीवर गेल्या. मॅडम ओरडल्या नाहीत. "फिर से उतरेंगे," एवढंच.

आणि एके दिवशी उतरल्या. शेवटचा तुकडा कुठे टाकायचा म्हणून अंगणात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तुळशीत टाकणार होती. मंग म्हटलं, तिले काहून झोपवू?" मोरीत टाकला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. त्या आठवड्यात भाजीवालीशी असं कडाक्याचं भांडण झालं की तिनं स्वतः मला थांबवून सांगितलं, "अम्मा बने होगे, भैया." मामी बऱ्या झाल्या, याचा यापेक्षा मोठा दाखला कुठल्या रिपोर्टात आला नसता.

त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नशामुक्तीवर एका साहेबांचं भाषण ठेवलं होतं. मुलांनी चित्रं काढून भिंतीला लावली होती. कवट्या, सुया, रस्त्यात पडलेली केस वाढलेली पोरं. भाषण संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, म्हणून विचारलं, जे फक्त रीत म्हणून विचारतात. मामी उठल्या. "साहेब, बोलले तुम्ही चांगलं. पण या चित्रांत सगळे पोट्टेच हायेत. एखादी म्हातारी बी काढा न, लुगडं नेसलेली, हातात जपमाळ असलेली." लोक हसले. मामी थांबल्या, हसू विरू दिलं आणि म्हणाल्या, "म्या नऊ वर्षं नशा केली. कोणाले पत्ता नाई, मले बी नाई."  पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, पहिली गोळी दिली कुणी? मी सगळ्यात मागे उभा होतो, मोदक स्पर्धेच्या यादीत डोकं खुपसून. मामी म्हणाल्या, "मायेनं देली एका जणानं. नाव काय करता? उद्या तुमच्याच घरात कोणी मायेनं देईन, तेव्हा नाई म्हणा आणि डॉक्टरले विचारा." माझ्या बाजूला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन पावलं पुढे यायचं होतं फक्त. त्याऐवजी मी यादी खिशात घातली आणि प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो.

त्या दिवसापासून बायका त्यांच्याकडे यायला लागल्या. आधी मागच्या दारानं. एकीला डोकेदुखीच्या गोळ्यांशिवाय सकाळ उजाडत नव्हती. एकीचा नवरा गांज्यात बुडालेला. राजेश्वरीचा पंचवीस वर्षांचा मुलगा खोकल्याचं सिरप पाण्यासारखा प्यायचा. दोन वर्षं ती मामींना दवाखान्यात नेत होती आणि स्वतःच्या घरातलं तिनं तोंडातून काढलं नव्हतं. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मामींच्या पुढच्या खोलीत ही बैठक भरायची. पुरुष त्या वेळी ऑफिसात असतात म्हणून ती वेळ. मामींचा उपदेश एकच, "मनानं धरू नका, मनानं सोडू बी नका. डॉक्टरकडे चाला, मी येतो संगं." आणि जायच्या. ऑटोत बसून, गुडघे कुरकुरत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत. सगळेच बरे झाले असं नाही. गांजावाला नवरा अजून तसाच आहे. राजेश्वरीचा मुलगा उपचार सोडून दोनदा पळाला, तिसऱ्यांदा टिकला. आता तेलीबांध्याला टाइल्सच्या शोरूममध्ये आहे, मामींच्या तिरडीला त्यानं माझ्या जोडीनं खांदा दिला. मी त्या बैठकीच्या वाटेला कधी गेलो नाही. बुधवारी मला काम असायचंच.

मामींचं तेरावं झालं, त्यानंतरच्या बुधवारी मी घर बंद करायला गेलो. वीज, गॅस, नळ बघायचा आणि कुलूप लावायचं. तीनला पाच मिनिटं कमी होती. दारात आठ-नऊ बायका उभ्या होत्या. राजेश्वरी म्हणाली, "भैया, चाबी दे दो, आप जाओ." माझ्यानं जाववलं नाही. दार उघडलं. त्यांनी आपणहून सतरंजी घातली, मधोमध परात ठेवली आणि एका पिशवीतून मटाराच्या शेंगांचा ढीग ओतला. मला कळेना. राजेश्वरीनं सांगितलं, हा अम्मांचा कायदा. सुरुवातीला सगळ्यांचे हात थरथरायचे, नजर कुठे ठेवावी कळायचं नाही. म्हणून काहीतरी सोलत, निवडत बोलायचं. सोललेलं सगळ्यांनी वाटून घरी न्यायचं.

मी भिंतीशी बसलो. एक नवी मुलगी आली होती, तीस-बत्तीसची, बोलताना अडखळत होती. तिचं बोलून झालं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. हिंदीत, मराठीत, जसं आलं तसं. पहिली पट्टी मी दिली होती. कुणी दचकलं नाही. एक आजीबाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "आम्हाले मालूम हाये. सांगतलं होतं तिनं. म्हणे, ज्यानं देली त्यानंच उचलून नेलं दवाखान्यात."

"तेवढंच माहीत होतं त्यांना," मी म्हणालो. मग मी त्या अर्ध्या तासाचं सांगितलं. 'नहीं' म्हणालो तेही सांगितलं आणि दुसऱ्या झटक्याचंही. हे मामींना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि त्या आता ऐकायला नव्हत्या. बोलून झालं तेव्हा माझा चेहरा ओला झाला होता. खोलीत कुणीच शेंगांना हात लावत नव्हतं. राजेश्वरीकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. ऑटोत मामींचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

"आधे घंटे बाद बता दिया ना?" तिनं विचारलं.

"हां."

"मैंने दो साल छुपाया, भैया. अपने बेटे का." तिनं समोरचा ढीग दोन्ही हातांनी माझ्याकडे लोटला. "चलो, हाथ चलाओ. यहाँ खाली हाथ कोई नहीं बैठता."